बाबांचं मशीन कपाटात पडून आहे. त्यांना स्मृतिभ्रंश होईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७४ वर्षांचे. पाच-सहा वर्षांपासून ऐकू कमी येतं. दीड वर्षापूर्वी उजव्या कानासाठी श्रवणयंत्र घेतलं, दोन महिन्यांत ते कपाटात गेलं. आता सांगितलेलं विसरतात, तोच प्रश्न पुन्हा विचारतात, चारचौघांत गप्प बसतात. नातेवाइकांच्या ग्रुपवर मजकूर फिरतोय की बहिरेपणामुळे स्मृतिभ्रंशाचा धोका पाचपट होतो आणि मशीन लावलं की तो टळतो. हे खरं आहे का? आणि आधी कुणाकडे जायचं, कानाच्या डॉक्टरांकडे की मेंदूच्या?

आधी कानाच्या. बाबांचं विसरणं कितपत विसरणं आहे आणि कितपत मुळात ऐकूच न येणं आहे, हे कान तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही, मेंदूच्या डॉक्टरांनासुद्धा नाही. ग्रुपवरच्या मजकुरातला पाचपटीचा आकडा खऱ्या संशोधनातला आहे, पण तो बाबांना लागू करता येत नाही. ‘मशीन लावलं की टळतो’ हे तर आजवर सिद्धच झालेलं नाही. तरीही ते मशीन कपाटातून बाहेर काढायला हवं, आणि त्याची कारणं या भीतीपेक्षा भक्कम आहेत.

पाचपट आलं कुठून ते आधी पाहू. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले कानाचे सर्जन फ्रँक लिन यांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बाल्टिमोरमध्ये वार्धक्यावर अनेक दशकं चाललेल्या अभ्यासातले ६३९ जण त्यांनी घेतले. सुरुवातीला सगळ्यांची श्रवणचाचणी झाली होती आणि कुणालाही स्मृतिभ्रंश नव्हता. पुढे साधारण १२ वर्षांत ५८ जणांना तो झाला. वय, शिक्षण, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान हे सगळं हिशेबात धरून तुलना केली, तेव्हा ऐकण्यात सौम्य घट असलेल्यांना १.८९ पट, मध्यम घट असलेल्यांना ३ पट आणि तीव्र घट असलेल्यांना ४.९४ पट धोका निघाला.

हा शेवटचा आकडा जगभर फिरला. पण त्या तीव्र घटीच्या गटात माणसं किती होती? फक्त ६. त्यामुळे खरा आकडा १.०९ पासून २२.४ पटीपर्यंत कुठेही असू शकतो, असं त्याच निबंधात लिहिलेलं आहे. सहा माणसांच्या हिशेबावरून घरातल्या वडीलधाऱ्यांना घाबरवू नये. लिन यांच्या अभ्यासाचं खरं मोल त्यातल्या पायऱ्यांत आहे. घट जितकी जास्त तितका धोका जास्त, असा पायरीपायरीने चढणारा संबंध निव्वळ योगायोग असण्याची शक्यता कमी. त्याच निबंधात आणखी एक गोष्ट आहे, जी ग्रुपवर कधीच येत नाही: मशीन वापरतो असं सांगणाऱ्यांमध्ये धोका लक्षणीयरीत्या कमी झालेला दिसला नव्हता.

पुढे मोठे अभ्यास आले आणि आकडे खाली आले. जानेवारी २०२४ मध्ये दक्षिण डेन्मार्कमधल्या ५ लाख ७३ हजार लोकांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे ऐकण्यात घट असलेल्यांना धोका ७ टक्क्यांनी जास्त निघाला. मशीन न वापरणाऱ्यांत ही वाढ २० टक्के होती, वापरणाऱ्यांत ६ टक्के. हे वाचून मशीनमुळेच १४ टक्क्यांचा फरक पडला असं वाटणं स्वाभाविक आहे, पण इथे घाई करू नये. मशीन घेणारी, नियमित वापरणारी, सेल वेळेवर बदलणारी माणसं मुळातच वेगळी असतात. त्यांच्या गाठीला पैसा असतो, शिक्षण असतं, बरोबर येणारं कुणीतरी असतं. आणि ज्यांची स्मृती आधीच ढासळायला लागली आहे ते मशीन सांभाळू शकत नाहीत, म्हणून ‘न वापरणाऱ्यांत’ जाऊन बसतात. मशीन न वापरल्याने स्मृतिभ्रंश झाला की स्मृतिभ्रंश सुरू झाल्याने मशीन सुटलं, हे नोंदी चाळून कळत नाही.

एक इशारा इथेच देतो, कारण त्या निबंधाचे आकडे अजूनही जाहिरातींत दिसतात. एप्रिल २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या चार लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेला एक निबंध ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. मशीन न वापरणाऱ्यांना ४२ टक्के जास्त धोका, वापरणाऱ्यांना जराही जास्त नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. डिसेंबर २०२३ मध्ये तो मागे घेतला गेला. संगणकावर माहितीची मांडणी करताना मशीन वापरणारे आणि न वापरणारे हे दोन गट उलटसुलट झाले होते. दुकानात कुणी हा ४२ टक्क्यांचा आकडा दाखवला तर तो रद्द झालेला आहे हे तुम्हाला माहीत असू द्या.

टक्केवारीचा आणखी एक आकडा तुमच्या वाचनात येईल. लॅन्सेटच्या तज्ज्ञ आयोगाने स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या आणि बदलता येण्याजोग्या गोष्टींची यादी केली आहे. २०२४ च्या अहवालात अशा १४ गोष्टी आहेत आणि त्यात ऐकण्यातल्या घटीचा वाटा ७ टक्के धरलाय. त्याचा अर्थ बाबांना ७ टक्के धोका आहे असा नाही. समाजातल्या सगळ्यांचं ऐकणं मध्यम वयापासून शाबूत राहिलं असतं, आणि ही घट हे खरोखरच स्मृतिभ्रंशाचं कारण असेल, तर एकूण रुग्णांत साधारण इतके कमी झाले असते, असा तो हिशेब आहे. त्यातला ‘तर’ महत्त्वाचा.

कारण आहे की नाही यावर अजून वाद का आहे? कान आणि मेंदू यांच्यात कमीत कमी चार वाटा आहेत आणि चारही एकाच वेळी खऱ्या असू शकतात. अर्धवट ऐकू आलेलं वाक्य जुळवण्यात मेंदूची इतकी ताकद जाते की ते लक्षात ठेवायला उरत नाही. कानाकडून येणारा पुरवठा रोडावला की आवाजाचं काम करणारा मेंदूचा भाग आक्रसतो. ऐकण्यात घट असलेल्यांमध्ये मेंदूचं आकारमान जास्त वेगाने कमी होतं असं प्रतिमांच्या अभ्यासांत दिसलंय. माणूस बोलण्यातून, भजनी मंडळातून, कट्ट्यावरून हळूहळू बाहेर पडतो आणि त्या एकटेपणाचा स्वतःचा वेगळा तोटा असतो. चौथी वाट म्हणजे दोन्हींचं मूळ एकच असणं: मधुमेह आणि रक्तदाबाने बारीक रक्तवाहिन्या खराब होतात तेव्हा त्या कानातल्याही होतात आणि मेंदूतल्याही. चौथी वाटच मुख्य असेल तर मशीनने मेंदूचं फारसं भलं होणार नाही, पहिल्या तीन मुख्य असतील तर होईल.

याचा निकाल लावायचा तर चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात. तसा मोठा प्रयोग झालेला आहे. त्याचं नाव ‘अचीव्ह’. अमेरिकेत चार ठिकाणी ७० ते ८४ वयाचे ९७७ जण घेतले, सगळ्यांच्या ऐकण्यात घट होती आणि कुणीही मशीन वापरत नव्हतं. निम्म्यांना दोन्ही कानांना मशीन, ऑडिओलॉजिस्टबरोबर (ऐकणं तपासून मशीन जुळवणारे तज्ज्ञ) बैठका आणि दर सहा महिन्यांनी पाठपुरावा मिळाला. उरलेल्यांना तितकाच वेळ देऊन आरोग्याविषयी मार्गदर्शन. तीन वर्षांनी, जुलै २०२३ मध्ये, निकाल आला: सगळे मिळून पाहिले तर दोन्ही गटांच्या बौद्धिक घसरणीत फरक नाही.

पण यातले २३८ जण हृदयविकाराच्या एका जुन्या अभ्यासातून आलेले होते. ते वयाने मोठे होते, त्यांना मधुमेह-रक्तदाबासारखे त्रास जास्त होते, आणि मशीन न मिळालेल्यांत त्यांची घसरण बाकीच्या निरोगी स्वयंसेवकांच्या जवळपास तिप्पट वेगाने चालली होती. या २३८ मध्ये मशीन मिळालेल्यांची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. माझं वाचन असं आहे: ज्यांची पाटी तीन वर्षांत फारशी पुसलीच जात नाही त्यांच्यात वाचवण्यासारखं काही मोजता येत नाही, ज्यांची भराभर पुसली जातेय त्यांच्यात येतं. हे वाचन चुकीचंही ठरू शकतं, कारण मुख्य निकाल ‘फरक नाही’ हाच आहे आणि उपगटाच्या निकालावर घर बांधायचं नसतं. शिवाय तिथे मोजली ती चाचण्यांतली घसरण. स्मृतिभ्रंश झाला की नाही हे ठरवायला तीन वर्षं पुरत नाहीत.

तेव्हा ‘स्मृतिभ्रंश टळेल’ असं सांगून मशीन विकणारा माणूस शास्त्राच्या पुढे धावतोय. ‘बाबांना मधुमेह-रक्तदाब असेल आणि विसरणं सुरू झालं असेल तर मशीनने घसरण मंदावण्याची बऱ्यापैकी शक्यता आहे, आणि ऐकू तर नक्कीच येईल’ असं सांगणारा प्रामाणिक आहे.

आता तुमच्या खऱ्या चिंतेकडे येतो, म्हणजे विसरण्याकडे. वयानुसार येणाऱ्या बहिरेपणात सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत. आधी बारीक, उंच आवाज जातात, दोन हजार हर्ट्झच्या वरचे. मराठीत स्वर जाड आणि खालच्या पट्टीतले, ते शेवटपर्यंत ऐकू येतात. स, श, च, क, त, ट यांची ओळख पटते ती वरच्या पट्टीत. म्हणून ‘ताक’, ‘ताट’, ‘ताप’, ‘तास’ या चारही शब्दांतला ‘ता’ बाबांना स्वच्छ ऐकू येतो आणि पुढचं अक्षर अंदाजाने भरावं लागतं. ‘सात वाजता ये’ आणि ‘साठ रुपये दे’ यातलं सात-साठ वेगळं करणं त्यांना अवघड जातं. अशा माणसाची तक्रार ‘ऐकू येत नाही’ अशी नसते. ‘ऐकू येतं, पण तुम्ही सगळे पुटपुटता’ अशी असते. ते खरंच सांगत असतात.

याचा परिणाम असा की सून म्हणते, ‘बाबा, गॅस सिलिंडर आला की पावती ठेवा.’ बाबा मान हलवतात, कारण वाक्य अर्धं कळलं आणि तिसऱ्यांदा ‘काय?’ विचारायची लाज वाटली. संध्याकाळी पावती नसते. घराचं मत होतं: विसरले. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या तोंडावर इतकी तयार असते की कानाकडे लक्षच जात नाही.

दोन्ही वेगळं कसं करायचं? घरातच आठवडाभर एक वही ठेवा. शांत खोलीत, समोर बसून, तीन फुटांवरून सांगितलेल्या गोष्टी एका पानावर, आणि स्वयंपाकघरातून हाक मारून किंवा टीव्ही चालू असताना सांगितलेल्या दुसऱ्या पानावर. पहिल्या पानावरचं बहुतेक सगळं लक्षात राहतं आणि दुसऱ्यावरचं राहत नाही, तर संशय कानावर. कागदावर लिहून दिलेलं, वाचून घेतलेलंसुद्धा दुपारपर्यंत पुसलं जातं, गोळ्या घेतल्या की नाही हे आठवत नाही, नेहमीच्या दुकानाचा रस्ता चुकतो, पैशांचा हिशेब जमेनासा होतो, तर ते कानाचं काम नाही. एका-दोन दिवसांत अचानक गोंधळ सुरू झाला, वेळ-जागा कळेनाशी झाली, तर वही वगैरे काही करू नका, सरळ रुग्णालयात न्या. लघवीचा जंतुसंसर्ग, सोडियम कमी होणं, औषधांची गफलत अशी कारणं त्यात असतात आणि ती बरी होतात.

स्मृतीची चाचणी करायला जाल तेव्हा हे ध्यानात ठेवा की बहुतेक प्रचलित चाचण्या तोंडी आहेत. डॉक्टर काही शब्द वाचून दाखवतात, थोड्या वेळाने ते पुन्हा विचारतात. शब्द मुळात ऐकूच आले नसतील तर गुण जातात आणि कागदावर ते स्मृतीच्या खात्यात मांडले जातात. त्यामुळे त्या दिवशी कान साफ असावेत, मशीन लावलेलं आणि नवा सेल घातलेला असावा, खोलीचा पंखा शक्यतो बंद असावा, डॉक्टरांचा चेहरा उजेडात असावा. मास्क असेल तर काढायची विनंती करा. मशीन नसेल तर गळ्यात अडकवायचं, हेडफोनचं साधं ध्वनिवर्धक तेवढ्यापुरतं चालतं. सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगा, ‘त्यांना कमी ऐकू येतं, शब्द सांगितल्यावर आधी म्हणून दाखवायला सांगा.’ जो शब्द लगेच म्हणता आला आणि नंतर आठवला नाही, तोच विसरला. बरोबर बी-१२, थायरॉइड आणि साखर तपासून घ्या, आणि ते उदास आहेत का तेही विचारलं जाऊ द्या. उदासी विसरण्याचं सोंग फार हुबेहूब वठवते.

कानाच्या तपासणीत पहिलं काम मळ पाहण्याचं. घट्ट बसलेला मळ एकटा ऐकण्यातले ३०-४० डेसिबल (आवाज मोजायचं एकक) खाऊ शकतो, आणि म्हाताऱ्या कानात तो कोरडा होऊन बसतो. घरी काडी, किल्ली, हेअरपिन घालू नका, गरम तेलही नको. कानाच्या पडद्याला भोक असेल तर थेंबसुद्धा विचारल्याशिवाय टाकायचे नाहीत. कान-नाक-घसा तज्ज्ञ पाच मिनिटांत काढतात.

नंतर ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणचाचणी. दोन्ही कानांची, हेडफोनवरची आणि कानामागच्या हाडावरची, अशी दोन्ही प्रकारे व्हायला हवी. पडद्यामागची हवा तपासणारी टिम्पॅनोमेट्री आणि मराठी शब्द ओळखण्याची चाचणीही मागून घ्या. शब्दांची चाचणी बऱ्याच ठिकाणी वगळतात, आणि मशीनचा किती उपयोग होईल याचा अंदाज तर तिच्यातूनच येतो. ऑडिओमेट्रीचा कागद, म्हणजे ऑडिओग्राम, हातात आला की ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झचे आकडे घ्या आणि सरासरी काढा. समजा २५, ३०, ४५ आणि ६० आहेत: बेरीज १६०, सरासरी ४० डेसिबल. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या वर्गवारीत २० ते ३५ सौम्य, ३५ ते ५० मध्यम, ५० ते ६५ मध्यम-तीव्र, ६५ ते ८० तीव्र. ही सरासरी चांगल्या कानाची धरतात. अचीव्हमध्ये ३० ते ७० मधले लोक घेतले होते, म्हणजे ४० वाला माणूस त्यात बसतो.

काही गोष्टी दिसल्या तर मशीनच्या दुकानात पाऊल टाकायच्या आधी डॉक्टर: एकाच कानाने कमी ऐकू येणं, कान वाहणं, चक्कर, एका कानात सतत आवाज. आणि दोन-तीन दिवसांत एखादा कान अचानक बंद पडला तर ती तातडीची बाब आहे. स्टेरॉइडचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाला तर ऐकणं परत येण्याची संधी असते. ‘सर्दीमुळे दडे बसले असतील’ म्हणत महिना घालवला की ती जाते.

आता मशीन कपाटात का गेलं ते पाहू. नेहमीची कारणं मोजकी आहेत. पहिलं, एकाच कानाला घेतलं. दोन्ही कान खराब असताना एका कानाने आवाज कुठून येतोय ते कळत नाही आणि गोंगाटात बोलणं वेगळं काढता येत नाही. शब्दांची चाचणी दोन्ही बाजूंना साधारण सारखी असेल तर दोन्ही कानांना मशीन हवं. खर्च परवडत नसेल तर दोन साधी मशीन एका महागड्या मशीनपेक्षा बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं कारण, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठं: आवाज नीट जुळवलेलाच नसतो. ऑडिओग्राम संगणकात घातला की मशीनची कंपनी स्वतःच एक मांडणी सुचवते. ती बऱ्याचदा मुद्दाम थोडी हळू असते, पहिल्या दिवशी नवख्या माणसाला त्रास होऊ नये म्हणून. ती पुढच्या भेटीत वाढवायची असते. पुढची भेट होतच नाही. बाबा म्हणतात, ‘काही फरक नाही,’ आणि खरंच नसतो. यावर उपाय म्हणजे कानात मोजणी. मऊ सिलिकॉनची केसासारखी बारीक नळी कानाच्या पडद्यापासून सुमारे ५ मिलिमीटरवर नेतात, वर मशीन घालतात, आणि हळू, नेहमीचं आणि मोठ्या आवाजातलं बोलणं ऐकवून पडद्यापाशी प्रत्यक्ष किती आवाज पोचतोय ते संगणकाच्या स्क्रीनवरच्या अपेक्षित रेघेशी जुळवतात. वीस मिनिटांचं काम आहे. दुकान निवडताना ‘कानात मोजणी करता का?’ हा एकच प्रश्न विचारलात तरी चालेल. सोय नसेल तर निदान मशीनशिवाय आणि मशीनसह शब्दांची चाचणी करून दोन्ही गुण लिहून मागा. बसवणारी व्यक्ती भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी झालेली ऑडिओलॉजिस्ट आहे ना, तेही पाहा.

तिसरं, शिट्टी. कानात मळ, डोम (मशीनचं कानात बसणारं मऊ टोक) सैल, किंवा मशीन अर्धवट बसलेलं, यातलं काहीतरी असतं. मध्यम-तीव्र घटीत छत्रीसारखा मऊ डोम पुरत नाही, कानाचं माप घेऊन साचा करावा लागतो. मूठ बंद करून मशीन आत धरल्यावर बहुतेक मशीन शिट्टी मारतात. ते बिघडल्याचं नव्हे, चालू असल्याचं लक्षण आहे. रोज सकाळी घालण्याआधी एवढी तपासणी पुरे.

चौथं कारण सेल आणि ओल. १० नंबरच्या सेलची पट्टी पिवळी, ३१२ ची तपकिरी, १३ ची नारिंगी, ६७५ ची निळी. हे सेल हवेवर चालतात. पट्टी काढल्यावर पाच मिनिटं उघडा ठेवून मग घातला तर जास्त टिकतो, आणि पट्टी परत चिकटवून सेल वाचत नाही. ३१२ साधारण आठवडाभर जातो, १३ त्याच्या दीड-दोनपट. पावसाळ्यात, आणि कोकण-गोव्यात तर बारा महिने, रात्री सेलचं झाकण उघडं ठेवून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा. मशीन उन्हात वाळवू नका आणि त्याला ड्रायर लावू नका. डोक्याला खोबरेल तेल लावून त्याच हाताने मशीन घातलं की माइकची भोकं बुजतात. आधी तेल, मग साबणाने हात, मग मशीन. कानात जाणाऱ्या टोकाला पांढरी बारीक जाळी असते, ती मळाने भरली की मशीन ‘मेल्यासारखं’ वाटतं. जाळी बदलली की जिवंत होतं. अशी कित्येक मशीन बिघडली म्हणून टाकून दिली जातात. तुमच्या कपाटातल्या मशीनची जाळी आणि सेल आधी बदलून पाहा, मग ते ऑडिओलॉजिस्टकडे न्या.

सवय लावायची ती अशी. पहिला आठवडा घरात, शांततेत, दोन-तीन तास, एका माणसाशी बोलताना. स्वतःचा आवाज घुमतो, भांडी कर्कश वाटतात, पंख्याची घरघर नव्याने ऐकू येते. हे आवाज वर्षानुवर्षं हरवलेले होते आणि मेंदूला त्यांची ओळख पुन्हा पटायला काही आठवडे लागतात. दुसऱ्या आठवड्यात टीव्ही आणि घरातल्या दोघा-तिघांच्या गप्पा. तिसऱ्यात बाहेर, बाजारात, देवळात. महिन्याअखेर उठल्यापासून झोपेपर्यंत. लग्नाच्या हॉलमध्ये पहिल्यांदा घालून पाहू नका, तिथे चांगले कानही हरतात. मशीन दिवसाला किती तास चाललं याची नोंद त्याच्या आतच होते, ती पुढच्या भेटीत वाचून घ्या. सरासरी दोन तास असेल तर मशीन बदलण्याआधी दोन तासच का, ते शोधायचं. मोबाइल कानाच्या भोकाला न लावता कानामागच्या माइकजवळ धरायचा, हे कुणी सांगतच नाही.

ऑनलाइन हजार-दीड हजाराला मिळणारी ‘मशीन’ म्हणजे नुसती ध्वनिवर्धक. ती खालचे-वरचे सगळे आवाज सारखेच वाढवतात, म्हणजे जे आधीच ऐकू येत होतं तेही. कायमच्या वापराला घेऊ नका. खर्चाची अडचण असेल तर उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या ज्येष्ठांना केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत श्रवणयंत्र मिळतं, आणि महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांच्या खात्यात साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये येतात. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत तपासणीची चांगली सोय आहे. चांगलं जुळवलेलं मशीन असूनही शब्दांचे गुण फारच कमी येत असतील तर कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या यंत्राबद्दल, विचारा. चौऱ्याहत्तर हे त्यासाठी जास्त वय नाही.

घरच्यांनी करायचं काम साधं आहे, पण रोज करायचं आहे. आधी ‘बाबा’ म्हणून हाक, त्यांनी पाहिलं की मग बोलणं. ओरडायचं नाही. खराब झालेल्या कानाला हळू ऐकू येत नाही आणि मोठं लगेच टोचतं, मधली जागा अरुंद असते. शिवाय ओरडल्याने स्वर वाढतात, व्यंजनं तशीच राहतात; ‘ताक’मधला ‘ता’ मोठा होतो, ‘क’ नाही. थोडं सावकाश, नेहमीच्या आवाजात. कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदला: ‘ताक’ नाही कळलं तर ‘जेवणानंतर प्यायला ताक’. आणि ‘जाऊ दे, काही नाही’ हे कधीच म्हणू नका. त्या चार शब्दांनी माणूस जितका गप्प होतो तितका बहिरेपणाने होत नाही.

विसरणं खरोखरच स्मृतिभ्रंशाकडे झुकत असेल तर मशीन चार्जिंगचं घ्या, सेलची झटापट नको. उजव्या मशीनला लाल खूण असते, डाव्याला निळी. चष्म्याच्या घराशेजारी एकच ठरलेली जागा, चष्म्याबरोबर घालायचं, चष्म्याबरोबर काढायचं. मशीनला दोरी लावून ती सदऱ्याला अडकवा, म्हणजे काढून कुठे ठेवलं हा शोध वाचतो. हे लवकर लावलेलं बरं. नवी सवय शिकण्याची ताकद आहे तोवरच मशीन अंगवळणी पडतं.

दोन्ही कानांना नीट जुळवलेलं मशीन तीन महिने दिवसाला आठ तासांहून जास्त वापरून झालं की स्मृतीची चाचणी पुन्हा करा, त्याच ठिकाणी, मशीन लावून. पण तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर, समोर बसून सांगितलेल्या गोष्टींतच जास्त चुका असतील, तर हे तीन महिने थांबू नका. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ आजच घ्या आणि ऑडिओग्रामचा कागद बरोबर न्या.